कालवणाच्या तवलीत कोण कुठून आलं?

आज आपण माशाच्या कालवणाबद्दल बोलणार आहोत. पण कृती सांगायला मी बसलेले नाही. किनाऱ्यावरच्या बायकांना मी कालवण शिकवायचं म्हणजे कुंभाराला माती मळायला शिकवण्यासारखं आहे. मला बोलायचं आहे ते कालवणाला लागणाऱ्या वस्तूंबद्दल. विळी, पाटा, तवली, आमसूल, तिरफळ, मिरची, नारळ आणि मीठ. यातली कुठली वस्तू आपल्या स्वयंपाकघरात कधी आली, कुठून आली आणि कशासाठी टिकली, याचा हा इतिहास आहे.

हा विषय का घेतला तेही सांगते. बचत गटांच्या बैठकांना मी जाते, तेव्हा एखादा गट घरगुती खानावळ काढायचं म्हणतो, एखादा मसाल्याचं काम सुरू करायचं म्हणतो. मग प्रश्न येतात. भांडी कुठली घेऊ? मातीची भांडी ठेवली तर गिऱ्हाईक खूश होईल का? मसाला दुकानातल्यासारखा लाल कसा करू? तिरफळ घातलं नाही तर चालेल का? या प्रश्नांना "जुनं ते सोनं" हे उत्तर पुरत नाही आणि "आता जमाना बदलला" हेही पुरत नाही. कालवणातली प्रत्येक वस्तू काही तरी काम करायला आली आहे. ते काम कोणतं, हे कळलं की जुनं कुठे ठेवायचं आणि नवं कुठे घ्यायचं हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

सुरुवात मिरचीपासून करू. आज मिरचीशिवाय कालवण आपल्या डोळ्यांसमोरही येत नाही. पण साडेपाचशे वर्षांपूर्वी आपल्या देशात एकाही घरात मिरची नव्हती. बाराव्या शतकात कल्याणीला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला, चालुक्यांचं राज्य होतं. तिथला राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ आहे. तो ११३० च्या आसपासचा. राजाने काय काय उपभोगावं याचं त्यात वर्णन आहे आणि त्यात जेवणाचा मोठा भाग आहे. मांस-मासेही त्यात आहेत. पण मिरची त्यात नाही. असणार कशी? मिरचीचं झाड तेव्हा फक्त अमेरिका खंडात होतं आणि त्या खंडाशी आपला काही संबंधच नव्हता. तोपर्यंत आपल्याकडे तिखटपणा यायचा तो मिरी, पिंपळी आणि आलं यांतून.

१४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांना इथून हवी होती मिरी, कारण युरोपात मिरीला फार भाव होता. मिरी न्यायला आलेल्या त्याच जहाजांतून मिरची आपल्याकडे आली. आपल्या लोकांनी या नव्या फळाला नाव दिलं तेही मिरीवरून. संस्कृतातला 'मरीच' म्हणजे मिरी. तेच नाव नव्या पाहुणीला चिकटलं आणि ती मिरची झाली. म्हणजे घराण्याचं नाव जुन्याचं आणि माणूस नवं.

मिरची इतक्या लवकर का रुजली? मिरीचा वेल नारळ-पोफळीच्या बागेत चढतो, त्याला सावली लागते, पाणी लागतं, वर्षं लागतात. मिरची परसात लावली तर काही महिन्यांत हाताला येते. ती वाळवता येते आणि वर्षभर टिकते. मिरी विकत घ्यावी लागायची, मिरची गरिबाच्या दारात उगवायची. तिखट खाणं ही चैन राहिली नाही, ते मिरचीमुळे. आणि मिरचीने आणखी एक गोष्ट दिली, जी मिरीने कधी दिली नव्हती. ती म्हणजे रंग. ब्याडगी मिरचीचं नाव कर्नाटकातल्या ब्याडगी गावावरून पडलं. ही मिरची सुरकुतलेली, गडद लाल, पण तिखटाला कमी. संकेश्वरी आणि लवंगी तिखटाला जास्त. मसाला करणाऱ्या बाया या दोन-तीन जाती मिसळतात, त्यामागे हाच हिशेब असतो. एकीने रंग द्यायचा, दुसरीने तिखटपणा द्यायचा. म्हणून लाल मसाल्याचं उत्तर ब्याडगीचं प्रमाण वाढवणं हे आहे. मसाल्यात वरून रंग घालणं कायद्यालाही चालत नाही आणि आपल्या कुलाचारालाही नाही.

आता आंबट. माशाला आंबट का लागतं? मासा पाण्याबाहेर आला की त्याच्यात हळूहळू एक द्रव्य तयार होतं आणि त्यातून तो उग्र वास येतो. आंबट पदार्थ त्या द्रव्याला बांधून ठेवतो, म्हणून वास दबतो. घाटावरच्या आणि विदर्भातल्या ज्या मैत्रिणी तळ्याचे, नदीचे मासे करतात, त्यांच्या माशाला चिखलाचा वास असतो. तोही आंबटाने कमी होतो. हे रसायनशास्त्र आपल्या आज्यांनी पुस्तकात वाचलं नव्हतं, पण आंबट घातल्याशिवाय कालवण उतरवायचं नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं.

हे आंबट ज्या त्या मुलखाने आपापल्या झाडावरून घेतलं. घाटावर चिंच. चिंचेचं मूळ आफ्रिकेतलं, पण ती इतक्या जुन्या काळी आपल्याकडे आली की अरबांनी तिला 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानी खजूर, असं नाव दिलं. इंग्रजांचा 'टॅमरिंड' शब्द त्यातूनच आला. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत माडाच्या ताडीचा शिरका आंबटासाठी वापरतात, ती पोर्तुगीज काळातली देणगी. आणि आपल्या कोकणात कोकम. कोकम मात्र कुठून आलेलं नाही. ते इथलंच, सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचं झाड आहे.

रातांबे चैत्र-वैशाखात पिकतात. फळ फोडायचं, गर आणि बिया बाजूला काढायच्या, साल उन्हात वाळवायची. मग त्याच फळाच्या रसात मीठ घालून साल पुन्हा भिजवायची आणि पुन्हा वाळवायची. अशी पुटं देत देत सालीचं काळं, मऊ आमसूल होतं. बियांचं मुठेल होतं, ते भेगा पडलेल्या टाचांना लावायला. हे सगळं काम पाऊस पडायच्या आत उरकावं लागतं, कारण एक सर आली तर वाळवण खराब आणि झाडावरचं फळही खाली. पाऊस लागला की होड्या किनाऱ्याला लागतात. मग घरात खारा बांगडा, सुकट, बोंबील आणि बरणीतलं आमसूल, एवढ्यावर आषाढ-श्रावण काढायचे. वैशाखातली ही धावपळ पुढच्या चार महिन्यांच्या जेवणाची बेगमी होती आणि ती बायकांच्या अंगावर होती. २०१६ मध्ये सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे या मुलखाचं कोकम ही या मुलखाची ओळख आहे, हे सरकारदरबारी नोंदलं गेलं. तरीही कितीतरी झाडांखाली रातांबे पडून कुजतात. वेचायला, फोडायला आणि वाळवायला हात लागतात आणि त्या हातांची मजुरी आमसुलाच्या भावात धरली जात नाही. गटांनी आमसूल विकायला काढलं तर मजुरी आधी लिहावी आणि भाव नंतर ठरवावा.

कोकमाची शेजारीण तिरफळ. काटेरी खोडाचं झाड, हिरवी मग करडी होणारी छोटी फळं. औषधाच्या त्रिफळा चूर्णाशी याचा काही संबंध नाही. चीनमध्ये सेचवान प्रांतात जिभेला झिणझिण्या आणणारं जे मिरं खातात, ते याच कुळातलं. तिरफळाचं काम फार नेमकं आहे. बांगडा, तारली, पेडवे हे तेलकट, उग्र वासाचे मासे. त्यांना तिरफळ हवंच. पापलेटासारख्या सौम्य माशाला ते घातलं तर माशाची चवच झाकली जाते. तिरफळातली काळी बी कडू असते, ती काढून टाकायची. टरफल जरासं ठेचायचं, वाटायचं नाही. बांगड्याच्या तिखल्यात तर नारळही नसतो. मिरची, आमसूल, तिरफळ आणि मीठ, एवढ्यावरच ते उभं राहतं. तेव्हा "तिरफळ नसलं तर चालेल का?" या प्रश्नाचं उत्तर मासा कुठला त्यावर आहे.

आता भांड्यांकडे येऊ. कालवण आंबट आहे, हे एकदा लक्षात घेतलं की भांड्यांचा सगळा इतिहास उलगडतो. आंबट आणि धातू यांचं पटत नाही. पितळेच्या भांड्यात आमसुलाचं कालवण ठेवलं तर ते कळकतं आणि पोटाला बाधतं. म्हणून पितळेला कल्हई लागते. दारोदार येणारा कल्हईवाला भांडं तापवून नवसागर मारायचा आणि कथलाचा पातळ मुलामा द्यायचा, तो यासाठीच. कल्हई करायला पैसे लागायचे आणि ती उडाली की पुन्हा करावी लागायची. त्यापेक्षा मातीची तवली, म्हणजे पसरट तोंडाचं मडकं, स्वस्त. मातीला आंबटाने काही होत नाही. ती हळूहळू तापते आणि हळूहळू निवते, त्यामुळे चुलीवरून उतरवल्यावरही कालवण आतल्या आत मुरत राहतं. मासा नाजूक, त्याला सारखं ढवळून चालत नाही. तवली दोन्ही हातांनी धरून गोल हलवली की काम होतं. ढवळायचं झालंच तर नारळाच्या करवंटीची डवली. ती मातीला ओरखडत नाही आणि माशाला मोडत नाही.

विसाव्या शतकात ॲल्युमिनिअमची भांडी आली. हलकी, स्वस्त, न फुटणारी. गरीब घरांत ती झपाट्याने पसरली. पण आंबटाशी त्यांचंही पटत नाही. नंतर स्टेनलेस स्टील आलं. ते आंबटाला दाद देत नाही, कल्हई मागत नाही आणि घासायला सोपं. कल्हईवाल्याची हाक गावातून बंद झाली ती यामुळे. तेव्हा खानावळीसाठी माझं सांगणं असं आहे. कालवणाला जाड बुडाचं स्टील किंवा माती, दोन्ही चालेल. ॲल्युमिनिअम नको. मासे तळायला मात्र बिडाचा तवा. तो उष्णता धरून ठेवतो, तेल मुरलेला असला की मासा चिकटत नाही. फक्त त्या तव्यात आमसुलाचं काही शिजवू नका, काळं पडेल. मातीची भांडी दिखाव्यासाठी ठेवायची असतील तर ठेवा, पण गर्दीच्या खानावळीत ती फुटतात, धुवायला वेळ लागतो, हे आधी हिशेबात धरा.

नारळाचा इतिहास तर दगडावर कोरलेला आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांमध्ये नहपान राजाचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे. त्यातल्या एकात ३२,००० नारळाच्या झाडांच्या दानाचा उल्लेख आहे. ज्यांना ते दान मिळालं, त्यांत शूर्पारकाचे, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचे लोकही आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी किनाऱ्यावर नारळ ही राजाने दान द्यावी अशी संपत्ती होती. कालवणात नारळाचं काम म्हणजे अंग देणं. तिखट आणि आंबट दोन्ही टोकाचे. नारळाचं दूध त्यांना जुळवून घेतं आणि थोड्या माशात मोठं कुटुंब जेवतं.

हा नारळ वाटायला पाटा-वरवंटा. गुळगुळीत झालेल्या पाट्याला टाकी लावणाऱ्या बाया गावोगाव हाळी देत फिरायच्या, त्यांचं पोट त्यावर चालायचं. १९६० च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथूर या इंजिनिअरने भारतीय वाटणाला चालेल असा 'सुमीत' मिक्सर बनवला. त्यांच्या पत्नीचा परदेशी मिक्सर जळाला होता आणि तो दुरुस्त होत नव्हता, तिथून ही कल्पना निघाली. परदेशी यंत्र हलकं काम करायला बनलेलं, ओलं खोबरं आणि सुक्या मिरच्या त्याला झेपत नव्हत्या. पुढे वीज पोहोचली तशी ही यंत्रं खेड्यातही आली.

पाट्याच्या चवीचं कौतुक बहुतेक वेळा जेवणारा करतो. वाटणारीला विचारलं तर ती मनगट दाखवते. मला मिक्सरबद्दल काही वाईट म्हणायचं नाही. पाट्यावर खोबरं दगडाखाली चिरडतं, मिक्सरमध्ये ते पात्याने कापलं जातं आणि यंत्र गरम झालं की वाटणही गरम होतं. म्हणून मिक्सरमध्ये पाणी थोडं, वाटण थांबत थांबत आणि भांडं निम्मंच भरायचं. एवढं केलं तर चवीत फार उणं राहत नाही आणि रोजचा तास-दीड तास वाचतो. तो वेळ कोणाचा वाचतो, हेही बघायला हवं.

विळीबद्दल थोडंच बोलते. खाली बसून, पायाने पाट दाबून, दोन्ही हात मोकळे ठेवून कापायचं हे हत्यार. सुरीत पातं हलतं, विळीत मासा हलतो. बुळबुळीत मासा दोन हातांत धरता येतो, म्हणून खवले काढणं आणि पोट साफ करणं यांत विळीवरचा हात फार सफाईदार चालतो. हाताला राख लावली की पकड सुटत नाही. टोकाला खोवणी असली की त्याच विळीवर नारळही. गुडघे धरलेल्या बायकांनी ओट्यावर सुरी वापरावी, त्यात कमीपणा काही नाही. पण विळीला धार हवी आणि सुरीलाही हवी. बोथट पात्याने मासा फाटतो आणि बोट कापतं.

शेवटी मीठ. ते नसेल तर वरचं सगळं फुकट. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला पत्र लिहून पोर्तुगीजांच्या बारदेशातून येणाऱ्या स्वस्त मिठावर जबर जकात बसवायला सांगितली, म्हणजे आपल्या मुलखाच्या मिठाचा खप बुडणार नाही. पुढे इंग्रजांनी मीठ आपल्या ताब्यात घेतलं आणि त्यावर कर बसवला. मासे खारवणाऱ्यांना तर मिठावाचून चालत नाही. तेव्हा सरकारने किनाऱ्यावर कुंपण घातलेली आवारं काढली आणि तिथेच, देखरेखीखाली, खारवण्यापुरतं स्वस्त मीठ द्यायची सोय केली. समुद्र दारात आणि मीठ पहाऱ्यात, असा तो काळ होता. १९३० मध्ये हा कायदा मोडायला लोक उठले. मे महिन्यात आपल्या वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याला सत्याग्रह झाला. मुंबईत कायदा मोडणाऱ्यांच्या पहिल्या तुकडीत कमलादेवी चट्टोपाध्याय आणि अवंतिकाबाई गोखले या दोघी होत्या. चिमूटभर मिठासाठी बायका रस्त्यावर आल्या, कारण त्या चिमटीचा हिशेब त्यांच्याच हातात होता.

मैत्रिणींनो, या सगळ्या इतिहासात एक गोष्ट लक्षात येते. नारळाचं दान कोणी दिलं ते दगडावर आहे. राजा काय जेवला ते ग्रंथात आहे. मिठावरची जकात पत्रात आहे. पण परक्या देशातून आलेली मिरची पहिल्यांदा कालवणात कोणी घातली, तेलकट माशाला तिरफळ हवं हे कोणी शोधलं, आमसुलाला मिठाची पुटं द्यायची हे कोणाला सुचलं, ते कुठेही लिहिलेलं नाही. ते बायकांनी केलं आणि तोंडातोंडी पुढे दिलं. मराठीत बाईने लिहिलेली पाकशास्त्राची मोठी पुस्तकं यायला विसावं शतक उजाडावं लागलं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० चं. मुंबईच्या पाठारे प्रभूंच्या घरातलं रांधणं त्यात आलं. पण आपल्या वाडीतलं, आपल्या खाडीतल्या माशांचं रांधणं कोणत्या पुस्तकात आहे?

म्हणून या महिन्यात प्रत्येक गटाने एक काम करावं, अशी माझी विनंती आहे. गटाच्या हिशेबाच्या वहीशेजारी आणखी एक वही घाला. गावातल्या सर्वांत वयस्कर चार-पाच बायकांकडे जा. कुठल्या माशाला काय घालायचं आणि काय घालायचं नाही, ते विचारा. मसाल्याचं प्रमाण चिमटीत आणि मुठीत सांगतील, ते तसंच लिहा आणि नंतर काट्यावर तोलून ग्रॅममध्ये लिहा. सांगणारीचं नाव आणि तारीख घाला. ती वही गटाची राहील, बाहेर कोणाला द्यायची की नाही ते गट ठरवेल. उद्या मसाला विकायला काढलात तर दर वेळी एकच चव येईल, कारण प्रमाण वहीत असेल. आणि तुमच्या कृतीवर दुसऱ्या कोणी हक्क सांगितला, तर दाखवायला तुमच्याकडे कागद असेल.

त्या म्हाताऱ्या बायका आज सांगायला आहेत. वही आजच घाला.